सतरा बांगड्यांचा अर्ज

आमच्या वेळी ठाण्यात इंग्रजी वर्तमानपत्र एकट्याने विकत घेणारा माणूस एकतर साहेब असे, नाहीतर उधळ्या. बाकीच्यांनी वर्गणी काढून एक अंक मागवायचा आणि तो घरोघर फिरवायचा, अशी रीत होती. टेंभी नाक्याच्या आसपास राहणारे आम्ही सातजण एका अंकाचे धनी होतो. अंक मुंबईहून गाडीने येई आणि मानाने फिरे. पहिला मान पेन्शनर मामलेदारांचा, दुसरा वकिलांचा, तिसरा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा, असा उतरत उतरत तो सातव्या दिवशी माझ्या हाती पडे. मी तेव्हा कलेक्टर कचेरीत उमेदवार होतो. उमेदवार म्हणजे काम कारकुनाचे, पगार शून्य आणि आशा अपरंपार. पुढेमागे एखादा कारकून पेन्शनीत निघेल आणि त्याची खुर्ची आपल्याला मिळेल, या भरवशावर दोन-दोन वर्षे फुकट राबायचे.

अंक शिळा असल्याचे मला दुःख नव्हते. दुःख भोकांचे होते. मामलेदार विलायतेतल्या थंडीच्या बातम्या कापून वहीत चिकटवत. का, ते त्यांनाच ठाऊक. वकील हायकोर्टाचे निवाडे कापत. डॉक्टर औषधांच्या जाहिराती कापत. पुढे एक कंत्राटदार होते, ते सरकारी नोटिसा कापत. माझ्याकडे येईतो अंकाची चाळण झालेली असे. उरत त्या चारच गोष्टी: अग्रलेख, संपादकाला आलेली पत्रे, मयतांची यादी आणि आगबोटीने कोण कोण साहेब-मडमा आल्या-गेल्या त्याची यादी. माझे सगळे वरचे इंग्रजी या चार खांबांवर उभे राहिले.

वर्तमानपत्राचा नाद लावला आमच्या हेडक्लार्कांनी. माझा एक मसुदा वाचून ते म्हणाले, "काय हो उमेदवार, हे शाळेतलं इंग्रजी झालं. मांजर चटईवर बसली, इथपर्यंत ठीक आहे. साहेबापुढे ठेवायचा कागद असा असतो? वर्तमानपत्र वाचा."

मी ते गुरुमंत्रासारखे घेतले. रोज कचेरीतून आलो की अग्रलेख वहीत उतरवून काढायचा आणि सकाळी आंघोळीच्या वेळी तोंडपाठ म्हणायचा, असा नेम धरला. अग्रलेखात रशियाने कुठे पाऊल टाकले, सरकार कसे झोपले आहे, आणि आता तरी जागे न झाल्यास काय अनर्थ ओढवेल, हे ठरलेले असे. अंगावर तांब्या ओतत मी सरकारला जागे करत असे. महिन्याभराने बायको म्हणाली, "अहो, शेजारच्या काकू विचारत होत्या, तुमचे हे रोज न्हाणीघरात कोणावर एवढे खेकसतात?" मी म्हणालो, "रशियावर." ती म्हणाली, "मग जरा हळू खेकसा. काकूंना वाटतं माझ्यावर."

पण मला खरी गोडी लागली ती संपादकाला आलेल्या पत्रांची. त्यांत माणसे तक्रारी करत. गटार तुंबले, कुत्री मोकाट सुटली, रस्त्यावर पाणी मारत नाहीत. तक्रार करावी ती इतक्या ऐटीत की गटारालाही आपण कोणीतरी आहोत असे वाटावे. त्यात एक गृहस्थ फार उद्योगी होते. त्यांची सही 'प्रो बोनो पब्लिको' अशी असे. आज ते भायखळ्याच्या गटारावर लिहीत, उद्या माहीमच्या डासांवर. हा कोणी परोपकारी पोर्तुगीज सद्गृहस्थ असावा, अशी माझी खात्री होती. एकदा मी वकिलांना म्हणालोसुद्धा, की यांना एवढे सगळीकडे हिंडणे कसे जमते?

वकील पोट धरून हसले. हे कुणाचे नाव नव्हे, लोकांच्या भल्यासाठी लिहिणाऱ्याने घ्यायचे लॅटिन सोंग आहे, असे त्यांनी सांगितले. म्हणाले, "सभ्य माणूस सार्वजनिक गाऱ्हाण्यात स्वतःचं नाव पुढे करत नाही. ती साहेबी रीत आहे."

मी घरी येऊन जुने अंक काढले आणि पाहिले, तर खरेच. 'सत्यप्रिय', 'एक करदाता', 'झोपमोड झालेला'. खाली कुणाचे म्हणून नाव नाही. लोकांचे गाऱ्हाणे मांडताना आपले नाव लिहिणे इंग्रजीत गावंढळपणाचे समजतात, हा नियम मी मनाशी पक्का केला. या नियमाने पुढे माझा जो घात केला, तो रशियालाही करता आला नसता.

आमच्याकडे वर्षाचे मीठ दिव्याकडच्या एका आगरी पाटलाकडून येई. त्याचे गाव खाडी आणि रेल्वेचे रूळ यांच्या मधल्या पट्टीत होते. गावाला चहूकडून पाणी, पण सगळे खारे. गोडे तळे एकच, तेही रुळांच्या पलीकडे. इतकी वर्षे बायका रूळ ओलांडून पाणी आणत होत्या. त्या साली कंपनीने रुळांच्या भरावाच्या दोन्ही अंगांना तारांचे कुंपण घातले. गुरे गाडीखाली येतात म्हणून कुंपण घातले, त्यात बायकाही अडकल्या. मीठ घेऊन आलेला पाटील ओट्याच्या पायरीवर बसून मला म्हणाला,

"रावसाहेब, कंपनीनं तारा मारल्या. तलाव पल्याड, आमी अल्याड. आमचे बाया आता रुलांचे मोरीखालशी वलसा घालून जातान. पाऊन कोस जायाचं, पाऊन कोस यायाचं. सून माजी पोटुशी हाय. तुमी विंग्रजी पेपर वाचतात, सायबाला दोन अक्षरं लिवा. येक फाटक दिलान का झालं."

माघ सरत आला होता. पुढे फाल्गुन, चैत्र, वैशाख. उन्हाळ्याआधी फाटक मिळाले तर बायकांचे हाल वाचणार होते, एवढी साधी गोष्ट होती. पण माझ्या अंगात अग्रलेख शिरलेला. इतके दिवस घोटलेले इंग्रजी बाहेर काढायला मला विषय मिळाला होता. पाटलाला म्हणालो, "पाटील, असा अर्ज लिहितो की कलेक्टर हलला पाहिजे."

दोन दिवस खपून मी तीन बंद कागद लिहिले. सुरुवात अशी होती: 'अत्यंत जड अंतःकरणाने आम्ही आज लेखणी हाती घेत आहोत.' आम्ही, कारण अग्रलेखात मी कोणी नसतोच. मग प्राचीन रोमन लोकांनी पाण्याची सोय कशी केली होती ते आले. मग सरकारच्या झोपेचा समाचार. मग, वायव्येकडे अस्वल दबा धरून बसले असताना प्रजेला तहानलेली ठेवणे कितपत शहाणपणाचे आहे, असा सवाल. अस्वल म्हणजे रशिया. गावाचे नाव मी घातले नाही. वर्तमानपत्रात जसे लिहितात तसे 'ज्याचे नाव घेण्याचे आम्ही तूर्त टाळतो असे खाडीकाठचे एक गाव' असे लिहिले. माझ्या मते तो सगळ्यांत झोकदार तुकडा होता.

तो अर्ज मी बायकोला मराठीत करून ऐकवला. ती कैऱ्या चिरत होती. सगळे ऐकून म्हणाली, "अस्वलाचं कळलं. पण फाटक कुठे आहे यात?"

"शेवटून दुसऱ्या ओळीत."

"तिथवर साहेब पोचेल का?"

बायकांना भाषेचे मर्म कळत नाही, असे काहीतरी मी बोललो. तेव्हा बोललो, आता लाज वाटते. मग साहेबी रिवाजाप्रमाणे खाली सही ठोकली, 'एक तृषार्त', आणि लखोटा टपालात टाकला.

माझी नेमणूक कुठे होती हे सांगायचे राहिले. कचेरीत आलेला प्रत्येक कागद फोडून तो बारनिशीच्या वहीत चढवणाऱ्या कारकुनाच्या हाताखाली मी होतो. तेव्हा तिसऱ्या दिवशी माझा लखोटा माझ्याच हातात आला. मी गंभीर चेहऱ्याने तो फोडला, वहीत चढवला आणि हेडक्लार्कांपुढे ठेवला. आता ते वाचून थक्क होणार, हा कोण विद्वान म्हणून विचारणार, आणि मी मान खाली घालून उभा राहणार, इथवर मनात बेत झाला होता.

हेडक्लार्कांनी चष्मा वर केला, पहिला बंद वाचला, तिसरा उलटून खालची सही पाहिली आणि तपकिरीची चिमूट घेतली.

"कुणी वर्तमानपत्रवाला दिसतो. आम्ही आम्ही म्हणतो, पण आम्ही म्हणजे कोण? गाव कोणतं? कुणाला काय हवंय?" त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "सही ना गाव. निनावी अर्ज. दफ्तरी दाखल. लिहा शेरा."

निनावी अर्जाची कचेरीत चौकशी होत नसे. तो दफ्तरात जाई आणि पुन्हा उजेड पाहत नसे. हा नियम मला पाठ होता, कारण असे शेरे मीच लिहीत असे. पण रोज ज्या कागदांवर मी 'निनावी' लिहितो आणि रोज घरी जी पत्रे भक्तीने वाचतो, त्या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात एकदाही आले नव्हते. दोन वर्षे दोन्ही कामे एकाच डोक्याने करत होतो.

तिथेच हेडक्लार्कांना म्हणायला हवे होते, की हा अर्ज माझा आहे. नाही म्हणालो. कचेरीतल्या माणसाने लोकांचे अर्ज लिहिणे मना होते, आणि बारनिशीचे कारकून त्याच साली पेन्शनीत निघणार होते. त्यांच्या खुर्चीवर माझा डोळा होता. मी दौतीत टाक बुडवला आणि माझ्याच अर्जावर माझ्याच वळणदार अक्षरात लिहिले: निनावी, दफ्तरी दाखल.

फाल्गुनात पाटील आला. "सायबाचा कागद आला का?" त्याने विचारले. सरकारी काम आहे, वेळ लागतो, असे मी सांगितले. खोटे इतके सफाईने बोललो की पाटलाने वर माझ्याच प्रकृतीची विचारपूस केली आणि जाताना वालाच्या शेंगा ठेवून गेला.

चैत्रात तो पुन्हा आला तेव्हा पायरीवर बसला नाही, उभाच राहिला. म्हणाला, "सून तारंखालशी गेली. वलसा घालवत नव्हता तिला. वरशी गारी आली. हंडे टाकलान आन् गरंगलत खाली आली. पोट वाचलं. हात फाटला तारंनं." मग म्हणाला, "कागद आला का?"

तो गेल्यावर बायकोला सगळे सांगितले. सही, शेरा, खुर्ची, काही ठेवले नाही. ती रागावेल असे वाटले होते. ती एवढेच म्हणाली, "मग आता नावानिशी लिहा. उन्हाळा अजून अर्धा आहे."

रविवारी मी कळव्याहून होडीने त्या गावी गेलो. पाटलाला खरे सांगितले. त्याला अर्ज निनावी गेला याचे फार नवल वाटले नाही. साहेबाची रीत साहेबाला ठाऊक, एवढेच तो म्हणाला. पुरुष मंडळी सही करायला जमली. मी विचारले, पाणी कोण आणते? पाण्याचा हंडा त्यांच्यापैकी एकानेही डोक्यावर घेतलेला नव्हता. मग मी म्हणालो, ज्यांना चालावे लागते त्यांची नावे घालू.

बायका चिंचेखाली जमल्या आणि माझी परीक्षा सुरू झाली. अर्जात अमक्याची बायको अमकी असे लिहायला हवे, आणि नवऱ्याचे नाव एकही उच्चारेना. पहिली म्हणाली, "हिला इचारा." हिला विचारले, तर तिचा तो दीर निघाला, म्हणजे तीही नाव घेईना. तिसरी चुलत सासू होती, तिने नाव सांगितले, पण तिच्या नवऱ्याचे सांगायला गावाबाहेरून कोणाला तरी आणावे लागते की काय अशी वेळ आली. एकीने तर सांगितले की त्यांचे नाव पुनवेला आभाळात दिसते, बाकी तुमचे तुम्ही ओळखा. सगळे गाव एकमेकांचे दीर-भावजय. शेवटी एका माहेरवाशिणीच्या सात वर्षांच्या पोरीने घडाघडा सगळ्यांच्या नवऱ्यांची नावे सांगितली आणि बायकांनी पदर तोंडाला लावले.

एका म्हातारीला तिचे स्वतःचे नाव विचारले तर ती विचारात पडली. "माहेरचं का सासरचं?" मी म्हणालो, चालते ते. ती म्हणाली, "चालत कंचंच नाय. मना सगले म्हातारे म्हनतान." मग जरा वेळाने म्हणाली, "दोनी लिवा. सायबाला आवरंल ते घेईल."

पाटलाची सून शेवटी आली. उजव्या हाताला कोपरापर्यंत फडके बांधलेले होते. लिहिता येत नाही त्या बाईने कागदावर बांगडीची निशाणी करायची, असा तेव्हा शिरस्ता होता. तिने डाव्या हातात टाक धरला आणि गोल काढला. तो वाकडा झाला म्हणून ती ओशाळली आणि पुसायला निघाली. मी घाईने कागद ओढून घेतला. त्या फडक्याकडे मला पाहवत नव्हते.

मजकूर या वेळी माझा नव्हताच. होडीत बसण्याआधी बायकोने जे सांगितले होते तेच मी इंग्रजीत केले. आम्ही अमक्या गावच्या बायका. पिण्याचे पाणी रुळांच्या पलीकडे आहे. पूर्वी शंभर पावले चालत होतो, आता पाऊण कोस चालतो. दिवसातून दोन वेळा उघडेल असे फाटक हवे. मांजर चटईवर बसली, त्याच जातीची वाक्ये. अर्ध्या बंदात अर्ज संपला. खाली सतरा बांगड्या आल्या, एकीसारखी दुसरी नाही. प्रत्येकीशेजारी नाव. आणि सगळ्यांत खाली, निशाणीच्या कागदावर लिहिणाऱ्याने करायची असते तशी माझी सही, बापाच्या नावासकट. खोटे कशाला बोलू? मला खुर्ची दिसत होती.

सोमवारी अर्ज मीच बारनिशीत चढवला. हेडक्लार्कांनी वाचला. खालची सही वाचली. मग बराच वेळ चष्मा पुसला. "हा मी पुढे ठेवला नाही तर तुम्ही बचावाल," ते हळूच म्हणाले. ते वाईट मनुष्य नव्हते. मी म्हणालो, "ठेवा."

दुपारी कलेक्टर साहेबाने बोलावले. उंच, तांबडा, उन्हाने कातावलेला माणूस. त्याने विचारले, "हे तू लिहिलंस?" मी हो म्हणालो. "इंग्रजी कुठे शिकलास?" म्हणालो, वर्तमानपत्रे वाचून. त्याने पुन्हा अर्जाकडे पाहिले आणि म्हणाला, "तसं वाटत नाही." एवढी मोठी शाबासकी मला जन्मात पुन्हा मिळाली नाही.

चार दिवसांनी साहेब कंपनीच्या एका इंजिनिअराला घेऊन जागा पाहायला गेला, आणि दुभाष्या म्हणून मला बरोबर नेले. कुंपणापाशी उभे राहून त्याने कागद उघडला आणि स्वतः नावे पुकारली. ती त्याच्या तोंडून निघताना इतकी बदलून निघत, की मला आधी कागदात पाहून मग बायकांना सांगावे लागे. पण नाव कळल्यावरही कोणी पुढे येईना. चारचौघांत, परपुरुषाने, नावाने हाक मारलेली कुणालाच कधी ठाऊक नव्हती. साहेब वैतागून म्हणाला, "या बायका खरोखर आहेत, की हा कुणा वर्तमानपत्रवाल्याचा उद्योग?" तेवढ्यात दोन नावांची म्हातारी काठी टेकत पुढे आली आणि म्हणाली, "मी दोनी हाय." मग एकेक करत सगळ्या आल्या.

वैशाख लागायच्या आत कंपनीने फाटक केले आणि एक चौकीदार बसवला. बायकांना फाटक मिळाले, मला नारळ मिळाला. कचेरीतल्या माणसाने अर्ज लिहिला, तो नियम काही अर्धा बंद लहान म्हणून सुटत नव्हता. खुर्चीवर दुसरा उमेदवार बसला. मी आठ दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही. मग आश्विनात कल्याणच्या शाळेत इंग्रजी शिकवायला माणूस हवा आहे असे कळले आणि मी तिकडे भेटायला निघालो. वाटेत ते फाटक एकदा डोळ्यांनी पाहावे म्हणून गावात उतरलो.

ऊन चांगलेच तापले होते. फाटकापाशी पाटलाची सून उभी होती, कमरेवर नवे मूल, डोक्यावर हंडा. चौकीदार तिला परत पाठवत होता. सकाळची वेळ टळली, आता संध्याकाळी यायचे, फाटक कंपनीचे आहे, असे तो तिला बजावत होता. मी मध्ये पडणार होतो, पण माझ्यापाशी आता कचेरीचा अधिकार नव्हता, आणि तिला माझी गरजही दिसली नाही.

"कंपनीचं आसंल," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "कागदावं माजं नाव हाय. सायबानं वाचलान नाव, समद्यांचे म्होरं. गारी येत नाय आत्ता. उघड."

चौकीदाराने रुळांच्या दोन्ही बाजूंना पाहिले, मग तिच्याकडे पाहिले आणि कुरकुरत कुलूप काढले.

ती आत शिरली. मग थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "रावसाहेब, तुमचं बी नाव हाय ना त्या कागदावं?"

मी म्हणालो, "आहे."

"मंग या की पल्याड. तलाव तरी बघा."

मी चपला हातात घेतल्या आणि तिच्या मागोमाग रूळ ओलांडले.